पाळीपाळीने दिवाळी

(रविवार, १२ ऑक्टोबर २०२५ रोजी झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण. दहावी, १९९७ ची तुकडी.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, मुलांना कम्प्युटरच्या करिअरबद्दल चार शब्द सांगा म्हणतील. पण ते म्हणाले, "दिवाळी आठ दिवसांवर आलीय, सगळे सहकुटुंब येणार आहेत. घरच्या दिवाळीवर बोल. फराळ, कंदील, किल्ला, असं काहीतरी." मी हो म्हटलं आणि मग घाबरले. कारण शाळेच्या सहलीला मी स्वतः करून आणलेली थालीपिठं ज्यांनी खाल्ली आहेत, असे निदान पाच जण मला समोर दिसत आहेत. त्यांनी कृपया उठून जाऊ नये. गेल्या अठ्ठावीस वर्षांत थोडी प्रगती आहे.

आपल्यापैकी बरेच जण कासारवाडीतले, दापोडी-फुगेवाडीकडचे किंवा भोसरीहून चालत येणारे. आमची चाळ रेल्वेलाईनच्या बाजूला होती. बैठी चाळ, आठ खोल्या, पुढे एक लांब सामाईक ओटा. लोकल गेली की फळीवरचे डबे वाजायचे. आठही घरांतले पुरुष कंपनीत. कंपनी एकच नव्हती. कुणाची पिंपरीला, कुणाची चिंचवडला, आकुर्डीला, कुणाची भोसरीच्या एमआयडीसीत. पण आपल्याकडे कुणी 'नोकरीला' जात नसे, सगळे 'कंपनीत' जात. आमचे अण्णा टर्नर होते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. आठवड्याला पाळी बदलायची आणि तिच्याबरोबर घराचं घड्याळ बदलायचं. रातपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असला की ओट्यावर लंगडी खेळायची नाही, रेडिओ मोठा लावायचा नाही, हे आपल्यातल्या अनेकांना वेगळं सांगायला नको.

आमच्या चाळीची दिवाळी कोजागिरीला सुरू व्हायची. प्रत्येक घरातून अर्धा लिटर दूध यायचं. आठ घरांचं चार लिटर दूध एका पातेल्यात, ओट्यावरच्या स्टोव्हवर ठेवायचं आणि तीन लिटरवर येईपर्यंत ढवळत बसायचं. साखर, चारोळी, वेलदोडा, शेवटी किसलेलं जायफळ. केशर आमच्या ऐपतीत नव्हतं, म्हणून रंगापुरती हळदीची चिमूट. कोजागिरीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. लक्ष्मी मध्यरात्री फिरते आणि विचारते, "को जागर्ति?", म्हणजे कोण जागं आहे? आमच्या चाळीत याचं उत्तर अगदी सोपं होतं: ज्याची रातपाळी आहे तो!

तर दूध आटेपर्यंत बायका फराळाचं ठरवायच्या. आणि ते ठरायचं नवऱ्यांच्या पाळीवरून. चाळीत मोठी कढई एक आणि चकलीचे सोरे दोन. ज्या घरात रातपाळी, त्या घरी दिवसा तळण नाही, कारण माणूस झोपलेला. मग पहिल्या पाळीचं घर कोणतं, दुसऱ्या पाळीचं कोणतं, असं बघून वार लागायचे. सोमवारी कोपऱ्यातल्या काकूंकडे करंज्या, मंगळवारी आमच्याकडे चकल्या, बुधवारी सोलापूरच्या वहिनींकडे शंकरपाळे. एक लाटणार, एक भरणार, एक तळणार. आम्हा मुलींना कातण्याचं काम. कोकणातल्या काकू रवा-नारळाचे लाडू करायच्या ते आठही घरांचे. शेवटच्या खोलीत केरळचं कुटुंब होतं, ते लोक केळ्याचे वेफर्स द्यायचे आणि आमच्या चकल्या न्यायचे. आमच्या ताटात केळ्याचे वेफर्स असायचेच, म्हणून मला कितीतरी वर्षं तो मराठी फराळातलाच एक प्रकार वाटत होता.

मग बोनस. बोनसच्या कायद्यात किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के असं लिहिलेलं आहे. हा ८.३३ आकडा कुठून आला, हे मला शाळेतल्या शेकडेवारीच्या धड्याच्या आधी अण्णांनी शिकवलं. शंभराला बारानं भाग. वर्षाचे बारा पगार, त्यावर ढोबळमानानं आणखी एक. त्या एका पगारात नवे कपडे, किराणा, गावी पाठवायचे पैसे, राहिलीच तर एखादी भांड्याची खरेदी. बोनस झाला की पिंपरी कॅम्पात शगुन चौकाकडे मुंगी शिरायला जागा नसायची.

१९९५ साली, मी नववीत असताना, अण्णांच्या कंपनीतला बोनसचा तिढा दिवाळीपर्यंत सुटला नाही. घरात मोठ्यानं कुणी काही बोललं नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्या वर्षी आई रोज तळणाला बसलेली असायची. आज आपल्या घरी, उद्या दुसऱ्यांच्या, परवा तिसऱ्यांच्या. मी वैतागले होते. मला ओट्यावर मोठी रांगोळी काढायची होती आणि ठिपके मोजायला आई हवी होती. मी तिला म्हणाले, "तू सगळ्यांचंच का तळत बसतेस? आपलं झालं ना, मग उठ की." ती काही बोलली नाही. झाऱ्यानं चकल्या उलटत राहिली. हा प्रसंग लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

पुढे माझं इंजिनिअरिंग झालं, हिंजवडीत नोकरी लागली आणि २००८ साली आम्ही पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला. आई-अण्णाही आमच्याबरोबर आले. आता घरात दोन कढया, चार शेगड्यांचा गॅस, मिक्सर. फक्त ओटा गेला. मी ज्याला ओटा म्हणतेय तो बसायचा. स्वयंपाकाचा मिळाला, ग्रॅनाइटचा. आणि त्या ओट्यासमोर आई एकटी उभी. दरवर्षी अकरा प्रकार. मी रात्री नऊला ट्रॅफिकमधून यायचे, टेबलावरच्या डब्यांचे फोटो काढायचे आणि परदेशातल्या मैत्रिणींना पाठवायचे: "घरचा फराळ!" घरचा म्हणजे कोणाचा, हे त्या फोटोत कधी आलं नाही.

२०२३ च्या जूनमध्ये आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. वाचा शाबूत राहिली, हे आमचं नशीब. फिजिओथेरपीच्या ताईंनी बोटांच्या व्यायामासाठी रबरी गोळा दिला. आईनं तो बाजूला ठेवला आणि कणकेचा गोळा मागितला. त्या वर्षी सगळा फराळ आम्ही विकत आणला. मी स्पष्ट सांगते, तो वाईट नव्हता. असा फराळ करून कितीतरी बायकांची घरं चालतात आणि त्यांच्या हाताला चव आहे. अनारसे तर आम्ही अजूनही बचत गटाकडूनच घेतो. पण आमच्या घरात त्या वर्षी चार डबे तुळशीच्या लग्नापर्यंत तसेच राहिले. भाऊबीजेला आई म्हणाली, "तेलाचा वास नाही आला की घरात दिवाळी आल्यासारखी वाटत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण यंदा पाठ दुखली नाही हो."

हे दुसरं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

गेल्या वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, मी ठरवलं की आईच्या सगळ्या कृती लिहून काढायच्या. मी सॉफ्टवेअरवाली. जे काम एकाच माणसाच्या डोक्यात आहे, ते लिहून ठेवलेलं नाही म्हणजे धोका, हे मी ऑफिसात रोज ज्युनिअर मुलांना सांगते. लॅपटॉप, वजनकाटा, वही घेऊन तिच्यासमोर बसले.

"आई, शंकरपाळ्यांचं प्रमाण सांग."

"एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर."

"आणि मैदा?"

"मावेल तितका."

"बेसन किती वेळ भाजायचं?"

"वास सुटेपर्यंत."

"तेल किती तापवायचं?"

"पिठाची गोळी टाकायची. ती सांगते."

तुम्ही हसताय, मीही हसले. पण नंतर लक्षात आलं, की आमच्या प्रोग्रॅममध्येही 'अमुक होईपर्यंत करत राहा' अशी आज्ञा असतेच. ती चुकीची नाही. फक्त ते 'अमुक' ज्याला दिसतं, त्यालाच ती पाळता येते. मग आम्ही दोघींनी एक मार्ग काढला. तिची वाटी मोजली, दीडशे मिलिलिटरची निघाली. आणि प्रत्येक 'होईपर्यंत'पुढे काय दिसतं, काय वास येतो, हाताला काय लागतं, ते लिहिलं.

असं लिहिता लिहिता मी सहज विचारलं, "आई, यातलं तुला करायला सगळ्यात जास्त काय आवडायचं?"

तिनं बराच वेळ विचार केला. "करायला? काहीच नाही. मान मोडून यायची. चाळीत बायका जमायच्या, ते आवडायचं."

आणि मग तिनं १९९५ ची गोष्ट सांगितली. त्या कोजागिरीला तिच्याकडे फराळाच्या वर्गणीचे पैसे नव्हते. ती सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली, "यंदा आठी घरचं तळण मी करते. पीठ-तेल तुमचं, हात माझे." का, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्याच घरी कंपनी होती, सगळ्यांना कळलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आठही घरांत ताटं सारखी होती. आमच्या ताटात तेवढ्याच चकल्या, तेवढ्याच करंज्या, तेवढेच लाडू. आम्हा भावंडांना काही कळलंच नाही. मला तर अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं कळलं नाही.

"तू मला म्हणालीस, उठ की," आई म्हणाली. तिच्याही लक्षात होतं.

मित्रमैत्रिणींनो, माझा मुद्दा इथे आहे. आपण म्हणतो, पूर्वीची दिवाळी राहिली नाही. फराळ विकतचा झाला, कंदील प्लॅस्टिकचे झाले. मला वाटतं, पदार्थ हरवण्याच्या आधी पाळी हरवली. चाळीत आठ बायका मिळून आठ घरांचं करायच्या, म्हणून एकीला एक अडचणीचं वर्ष झाकता आलं. फ्लॅटमध्ये आल्यावर एकेका बाईनं अकरा-अकरा प्रकार एकटीनं केले आणि आपण त्याला परंपरा म्हटलं. आमच्या कंपनीत रात्री-अपरात्री सिस्टिम बंद पडली तर कोणी उठायचं, याचा तक्ता असतो. एका माणसाला दर रात्री उठवलं तर तो महिन्याभरात राजीनामा देईल, हे मॅनेजरला कळतं. अण्णांच्या कारखान्यातही पाळी बदलायची. फक्त घरात एकाच माणसाची पाळी, तीही चाळीस वर्षं. बदली कामगार नाही, बोनस तर नाहीच.

म्हणून गेल्या कोजागिरीला आम्ही गच्चीवर दूध आटवलं. आमचं घर, माझ्या भावाचं घर आणि आमच्या मजल्यावरची दोन घरं, अशी चार. दूध आटेपर्यंत तक्ता केला. तीन नियम ठरवले. पहिला, पदार्थ पाचच: चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, चिवडा, करंजी. दुसरा, एका घरानं एकच पदार्थ करायचा, पण चारही घरांचा. करंजी तेवढी सगळ्यांनी मिळून, रविवारी. तिसरा नियम माझ्या भावजयीचा: 'मदत' हा शब्द वापरायचा नाही. पुरुषांनी आणि मुलांनी मदत करायची नाही, आपली पाळी करायची.

चकलीची पाळी आली अण्णांवर. वय वर्षं चौऱ्याहत्तर. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. आई खुर्चीत बसून सांगणार आणि ते करणार.

भाजणी अशी: तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूग डाळ अर्धी, पोहे एक वाटी, धने पाव वाटी, जिरे दोन चमचे. तांदूळ धुऊन फडक्यावर सावलीत वाळवायचे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा, एकत्र नाही, कारण प्रत्येकाची भाजायची वेळ वेगळी. मग गिरणीतून दळून आणायचं. दोन वाट्या भाजणीला दोन वाट्या पाणी. पाण्यात तिखट, हळद, ओवा, तीळ, मीठ आणि दोन मोठे चमचे तेल घालून उकळी आणायची, गॅस बंद करून भाजणी घालायची आणि वीस मिनिटं झाकून ठेवायची. मग पाण्याच्या हातानं चांगली मळायची.

अण्णांनी आधी थर्मामीटर आणला. आई म्हणाली, "अहो, गोळी टाकून बघा." त्यांनी दोन्ही केलं. गोळी टाकल्यावर लगेच वर आली, तेव्हा काट्यावर १७५ च्या आसपास दिसलं. दोघंही खूष. पहिला घाणा विरला. चकली तेलात सुटून भुगा झाला. आई म्हणाली, मोहन जास्त झालं. अण्णा हावरटपणे चार चमचे तेल घालून बसले होते. दुसरा घाणा दिसायला लाल, पण आत मऊ. कारण आच मोठी. चकली टाकल्यावर तेलात बुडबुडे येतात, ती पिठातल्या पाण्याची वाफ असते. बुडबुडे जवळजवळ थांबले, म्हणजे पाणी गेलं आणि चकली झाली. त्याआधी काढली तर दुसऱ्या दिवशी मऊ पडणारच. हे कळल्यावर तिसऱ्या घाण्यापासून अण्णांना गवसलं. सोऱ्यावर एकसारखा दाब, एकसारखे वेढे. एकेक चकली अशी, जणू इन्स्पेक्शनला जायची आहे.

दीड तासानं ते कंबर धरून उठले. आईकडे बघून म्हणाले, "तू हे इतकं बसून करायचीस? पाठ लागत नव्हती?"

आई म्हणाली, "लागायची."

एवढंच. पुढे कुणी काही बोललं नाही. अण्णांनी तिच्या डाव्या हातात एक चकली दिली. तिनं मोडून आवाज ऐकला आणि मान हलवली. ज्यांच्या घरी आई चकली करते त्यांना ठाऊक आहे, चकलीची परीक्षा आधी कानानं होते.

बाकीचं थोडक्यात सांगते, कारण घंटा वाजायची वेळ झाली.

लाडू माझ्या भावाकडे. बेसन चार वाट्या, तूप पावणेदोन, पिठीसाखर सव्वादोन. बेसन मंद आचेवर, तूप सुटून खमंग वास येईपर्यंत. शेवटी दुधाचा एक हबका मारायचा, म्हणजे दाणेदार होतं. साखर कोमट झाल्यावरच. गरम असताना घातली तर साखर पातळ होते आणि लाडू बसतात. तो घाईत गरम असतानाच घालून मोकळा झाला. लाडू बसले, आम्ही ती वडी आहे असं सांगून वाटली. शंकरपाळे माझ्या मुलाकडे, तो पाचवीत होता. त्यानं पट्टीनं आखून कातले. 'मावेल तितका' मैदा आमच्या वाटीनं साडेचार वाट्या मावला, लिहून घ्या. काम चालू असताना प्यायला पीयूष. ते शेजारच्या आजोबांच्या पाळीचं होतं. श्रीखंडात ताक घालून घुसळायचं, जायफळ आणि वेलची, झालं. ऑक्टोबरच्या उन्हात, कढईसमोरून उठलेल्या माणसाला त्याहून चांगलं काही नाही. ज्यांना गोड चालत नाही, त्यांना कोकम सरबत, साखर कमी आणि जिरेपूड जास्त.

आता कंदील. आमचे कार्यानुभवाचे सर आज समोर बसले आहेत. सर, तुमचा कंदील आम्ही विसरलेलो नाही. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या. चारचार बांधून सहा चौकोन करायचे. मग चौकोनाला चौकोन कोपऱ्यात बांधत जायचं. आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, ते मुद्दाम करावे लागत नाहीत. चौकोनांना एका रंगाचा पतंगाचा कागद, त्रिकोणांना दुसऱ्या. मैद्याची खळ, खाली झिरमिळ्या. वरचा एक चौकोन दिव्यासाठी उघडा ठेवायचा. पूर्वी पिवळा बल्ब तापून कागद करपायचा, आता ९ वॅटचा एलईडी लावला की ती भीती नाही. एकच लक्षात ठेवा, एक कामटी जरी अर्धा इंच मोठी झाली तर सगळा सांगाडा मान वाकडी करतो. सर, तुम्ही हे सांगून पट्टी मारायचात, ते अण्णांनी यंदा व्हर्नियर दाखवून सांगितलं.

आणि किल्ला. आमच्या चाळीत किल्ला मुलांचा. आम्ही मुलींनी पाणी आणायचं आणि रांगोळीला जायचं. गेल्या वर्षी तक्त्यात माझ्या मुलीनं स्वतःचं नाव किल्ल्यापुढे लिहिलं. लोहगड करायचा ठरला, कारण तो आपला. कासारवाडीहून लोकलनं मळवली, तिथून भाजे गावावरून चालत. आधी सगळी मुलं खरा गड बघून आली. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, चारही दरवाजे मोजले, विंचूकाट्याचं चित्र काढून आणलं. मग दगड-विटांचा डोंगर, त्यावर ओल्या मातीत बुडवलेलं गोणपाट, त्यावर तांबडी माती. सोसायटीत आधी कुरकुर झाली, पार्किंगमध्ये चिखल नको. मुलांनी खाली ताडपत्री अंथरली आणि तुळशीच्या लग्नानंतर जागा धुऊन देऊ असं लिहून दिलं. आणि दिली. यंदा जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा आपल्या महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या यादीत लोहगडही आहे. आमच्या पार्किंगमधल्या मंडळींना वाटतं, त्यांनी आधीच शिफारस केली होती.

यंदाची कोजागिरी गेल्या सोमवारी झाली. तक्ता झाला आहे, घरं चाराची सहा झाली आहेत. चकलीची पाळी अण्णांनी मागून घेतली. आईची पाळी आहे चव बघायची आणि 'झालं' म्हणायची. तिच्या डाव्या हातानं ती आता करंजीची मुरड घालायला शिकते आहे. वाकडी येते. आम्ही ती वेगळी ओळखू येते म्हणून आधी खातो.

तुमच्यासाठी तीन सूचना. अनारसे घरी करायचे असतील तर तांदूळ आज रात्रीच भिजत घाला. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत किंचित दमट राहीपर्यंत वाळवायचं, कुटून गुळात कालवून ठेवायचं. आजचा दिवस चुकला तर बचत गटाला फोन करा. दुसरी, किल्ल्यावर अळीव परवापर्यंत पेरा, म्हणजे पहिल्या आंघोळीपर्यंत गवत उगवेल. पाणी शिंपडा, ओतू नका. तिसरी सूचना सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. दिवाळीची सगळी कामं लिहा, अगदी डबे धुण्यापासून. प्रत्येक कामापुढे नाव लिहा. एकच नाव चार वेळा आलं तर थांबा आणि कागद त्या व्यक्तीच्या हातात द्या.

माझ्या आईला १९९५ साली जे विचारायला हवं होतं, ते मी २०२४ मध्ये विचारलं. तुमच्या घरात ज्यांना विचारायचं आहे, ते आज बरोबर आले असतील, शेजारच्या खुर्चीत बसले असतील. उशीर करू नका.

सर्व गुरुजनांना नमस्कार, आणि सगळ्यांना दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा. बाहेर टेबलावर एक डबा ठेवला आहे. अण्णांच्या यंदाच्या पहिल्या घाण्याच्या चकल्या आहेत. मोडून आवाज ऐका आणि मग खा.